बाटलीवर समुद्र, बोंडात अळी



गेल्या काही हंगामांपासून कृषी सेवा केंद्राच्या फळीवर एक नवी बाटली येऊन बसली आहे. बाटलीवर निळ्या लाटा आणि हिरवे शेवाळ. कोणी तिला टॉनिक म्हणतो, कोणी सीवीड म्हणतो. आपण युरिया मागायला गेलो की दुकानदार ती पुढे सरकवतो. "समुद्रातल्या शेवाळाचा अर्क आहे भाऊ. पूर्ण नैसर्गिक. पीक काळेभोर होते, फूलगळ थांबते," आणि मग आवाज जरा खाली आणून, "अळीसुद्धा फिरकत नाही."

पहिल्या दोन गोष्टी बाटलीवर छापलेल्या असतात. तिसरी छापलेली नसते, ती फक्त तोंडी सांगितली जाते. आमचे भांडण या तिसऱ्या गोष्टीशी आहे. समुद्राशी नाही, शेवाळाशी नाही आणि शास्त्राशी तर मुळीच नाही. जी गोष्ट छापायची हिंमत नाही ती कोरडवाहू शेतकऱ्याच्या कानात सांगून त्याचा खिसा रिकामा करायचा, या धंद्याशी आमचे भांडण आहे.

छापत का नाहीत?

छापत नाहीत, कारण छापले तर तुरुंगाची वाट दिसते. या देशात कीड मारण्यासाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक औषधाला १९६८ चा कीटकनाशक कायदा लागू आहे. फरीदाबादची नोंदणी समिती कागद तपासते. औषध कोणत्या पिकावर, कोणत्या किडीवर, किती मात्रेत चालते, माणसाला आणि जनावराला किती घातक आहे, हे सर्व दाखवल्याशिवाय नोंदणी मिळत नाही. नोंदणी मिळाली की बाटलीवर तो चौकोन येतो, ज्याचा खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. आपल्यापैकी ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही तो रंग वाचता येतो.

आता शेवाळाची बाटली हातात घ्या आणि तो चौकोन शोधा. सापडणार नाही.

का सापडणार नाही? कारण ती बाटली दुसऱ्याच दाराने बाजारात आली आहे. २३ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती केली आणि 'जैव उत्तेजक' नावाचा नवा वर्ग तयार केला. त्यात आठ प्रकार आहेत आणि वनस्पतींचे अर्क, समुद्री शेवाळाच्या अर्कासह, हा त्यातला एक. या वर्गाची व्याख्या सरकारने काय केली आहे? पिकाच्या अंगातल्या क्रियांना चालना देणारे, अन्नद्रव्य उचलायला आणि ताण सहन करायला मदत करणारे द्रव्य. आणि त्याच व्याख्येत पुढे म्हटले आहे की कीटकनाशके यात येत नाहीत. म्हणजे सरकारी व्याख्येनेच सांगून टाकले की हे अळीचे औषध नव्हे. त्याच दुरुस्तीत आणखी एक अट आहे: जैव उत्तेजकात कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमपेक्षा जास्त असता कामा नये. ०.०१ पीपीएम म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग.

ही अट नीट लक्षात ठेवा, तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

काचेच्या बशीतली अळी

"पण शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे," असे सांगणारे भेटतात. मोबाईलवर एखादा निबंधही दाखवतात. ठीक आहे, शास्त्रज्ञांचेच पाहू.

प्रयोग झाले आहेत, हे खरे आहे. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरची शेवाळे घेऊन पालयमकोट्टई इथल्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या संशोधकांनी कपाशीवरच्या लाल ढेकणावर काम केले आणि 'पॅडिना' नावाच्या तपकिरी शेवाळाचा त्याच्या पिलांवर व अंड्यांवर काय परिणाम होतो ते २०११ मध्ये प्रसिद्ध केले. तंबाखूवरच्या पाने खाणाऱ्या अळीवरही निरनिराळ्या शेवाळांचे अर्क वापरून पाहिले गेले आहेत. त्या लोकांनी प्रामाणिकपणे आपले काम केले आहे. पण त्या कामात काय होते आणि बाटलीत काय आहे, यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पहिले अंतर किडीचे. लाल ढेकूण ही अळी नव्हे. तो सोंड खुपसून रस शोषतो. त्याच्यावर जे चालले ते बोंडअळीवर चालेल, असे म्हणणे म्हणजे बैलाचे औषध कोंबडीला पाजण्यासारखे आहे.

दुसरे अंतर अर्काचे. प्रयोगशाळेत शेवाळ वाळवून, दळून, बहुतेक वेळा मिथेनॉल किंवा हेक्झेनसारख्या द्रावकात अर्क काढतात, मग तो आटवून घट्ट करतात. पिकाच्या टॉनिकासाठी जे शेवाळ आपल्या देशात समुद्रात लावले जाते ते मुख्यतः 'कप्पाफायकस' नावाचे लाल शेवाळ. ते ताजे असतानाच दळून, पिळून त्याचा रस काढायचा, ही पद्धत भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने बसवली. मद्रासकडच्या रामनाथपुरम जिल्ह्यात मासेमार घरांतल्या बाया बांबूच्या तराफ्यांवर त्याचे पीक घेतात. त्या रसात पालाश असते, सूक्ष्म अन्नद्रव्ये असतात, पिकाच्या वाढीला चालना देणारी द्रव्ये असतात. नेहमीच्या खताच्या जोडीला तो फवारला तर उत्पन्नात वाढ दिसल्याचे प्रयोगही आहेत. पण तपकिरी शेवाळाच्या मिथेनॉल अर्काचा निकाल लाल शेवाळाच्या पाणीदार रसाला चिकटवायचा, हा कोणता न्याय? उद्या कोणी अफूचा गुण खसखशीच्या हलव्याला लावील.

तिसरे अंतर सर्वांत मोठे, आणि ते आपल्यालाच कळते. प्रयोगशाळेत अळी काचेच्या बशीत असते. तिला अर्कात बुडवलेले पानच खायला दिलेले असते. तिला दुसरीकडे जायला जागा नसते. आपल्या शेतातली शेंदरी बोंडअळी बशीत बसत नाही. तिचा पतंग पात्या, फुले आणि बोंडांवर अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात आत शिरते. शिरलेले भोक बुजून जाते, आणि मग ती आत बसून सरकी खात राहते. बाहेरून बोंड हिरवेगार दिसते. त्या बोंडावर समुद्र ओतला तरी आतल्या अळीला थेंब लागणार नाही. ज्वारीतही तेच. खोडकिड्याची अळी आधी पोंग्यात खाते आणि मग खोडात घुसते. पोंगेमर दिसते तोवर ती फवाऱ्याच्या हद्दीबाहेर गेलेली असते. लष्करी अळी २०१८ साली मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्याकडे पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी सोलापूरकडे आली. तीही पोंग्यात विष्ठेचे बूच मारून बसते. अशा अळ्यांवर जे काही चालवायचे असेल ते ठरल्या दिवशी, ठरल्या जागी पडावे लागते.

म्हणून खरा तोटा बाटलीच्या किमतीचा नाही. तोही आहेच. समजा बाटली ५०० रुपयांची आणि एकरी दोन फवारे झाले, तर एकरी १,००० रुपये. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये होता, म्हणजे प्रत्येक एकरातला तेरा किलो कापूस त्या बाटलीत गेला. संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये होता. ज्वारीवर मारले तर सत्तावीस किलो ज्वारी गेली. वर फवाऱ्याची मजुरी, आणि विहीर आटलेली असताना दहा पंपांचे दीडशे लिटर पाणी डोक्यावरून वाहायचे ते वेगळे. पण याहून मोठा तोटा दिवसांचा आहे. डोमकळ्या दिसू लागल्या, शेतकऱ्याने शेवाळाची बाटली मारली आणि "आता अळीचे पाहिले" म्हणून आठ दिवस निर्धास्त राहिला. त्या आठ दिवसांत अळी बोंडात गेली. गेलेले पैसे उसनवारीने भरून काढता येतील. गेलेले आठ दिवस कोणती सोसायटी देणार?

समुद्रात विष नाही असे नाही

कोणी म्हणेल, हे लोक नव्या गोष्टीच्या आड येतात. म्हणून हेही सांगतो. समुद्रातून खरे कीटकनाशक निघालेले आहे. धानवाल्या भावांनी खोडकिड्यासाठी वापरलेले 'कार्टाप' हे त्याचे उदाहरण. जपानमध्ये मासे पकडायला आमिष म्हणून एक समुद्री किडा वापरत. मेलेल्या किड्यावर बसणाऱ्या माश्या मरतात, हे तिथल्या लोकांच्या लक्षात आले. १९३४ साली त्या किड्यातले विष वेगळे काढले गेले. त्याच्या धर्तीवर कारखान्यात द्रव्य तयार झाले आणि १९६७ मध्ये कार्टाप बाजारात आले. मध्ये तेहतीस वर्षे गेली. द्रव्याला नाव मिळाले, मात्रा ठरली, विषाचा दर्जा ठरला, डब्यावर चौकोन आला. समुद्राचे औषध शेतात आणायची सरळ वाट ही अशी असते.

शेवाळातही विष सापडले आहे. जपानच्या दक्षिणेकडे एक लाल शेवाळ जंतावर औषध म्हणून लोक घेत असत. त्यातून १९५८ च्या सुमारास 'डोमोइक आम्ल' वेगळे केले गेले आणि ते किडींना मारते हे दिसले. पुढे १९८७ मध्ये कॅनडात हेच आम्ल अंगात साठलेले शिंपले खाऊन शंभराहून जास्त माणसे आजारी पडली आणि काही दगावली. तिथे ते शेवाळातून नव्हे, समुद्रातल्या अतिसूक्ष्म वनस्पतीतून शिंपल्यात आले होते, पण द्रव्य तेच. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असे जे दुकानात सांगतात त्यांना ही गोष्ट सांगा. धोतराही नैसर्गिक आहे आणि फुरसेही नैसर्गिक आहे.

युरोपात तपकिरी शेवाळातून काढलेल्या 'लॅमिनॅरिन' नावाच्या द्रव्याला २००५ पासून पीकसंरक्षणासाठी मान्यता आहे. ते पिकाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करते आणि मुख्यतः रोगांसाठी वापरतात. त्याच्या उत्पादकांनी पीकसंरक्षणाचे औषध म्हणूनच रीतसर मान्यता घेतली. टॉनिक म्हणून आणून कानात रोगाचे नाव सांगितले नाही. आपल्याकडेही वाट बंद नाही. निंबोळीतले अझाडिरेक्टीन, घाटे अळीचा विषाणू, बिव्हेरिया बुरशी, बीटी जिवाणू या सगळ्या निसर्गातल्याच गोष्टी. त्यांची नोंदणी याच १९६८ च्या कायद्याखाली होते. देशात पहिल्यांदाच येणाऱ्या औषधाला दोन वर्षांची तात्पुरती नोंदणी द्यायची सोयही कायद्यात आहे. मग शेवाळवाल्यांनीच ही वाट का सोडली? अळी मरते याची खात्री असती तर त्यांनी चौकोन मिरवला असता.

कोणता समुद्र?

बाटलीवर समुद्र असतो निळाशार. आपण विदर्भ-मराठवाड्यातले लोक. आपल्यातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिला तो मुंबईला मोर्च्याला गेलो तेव्हा, नाहीतर पोरगा तिकडे कामाला लागला म्हणून. पुढच्या वेळी त्या बाजूला गेलात तर वरसाव्याला जरूर उतरा. मीरा-भाईंदरच्या हद्दीतले हे गाव वसईच्या खाडीच्या दक्षिण काठाला आहे. ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता इथे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो, आणि महामार्ग खाडी ओलांडून गुजरातकडे जातो. २०२३ मध्ये इथे नवा चौपदरी पूल सुरू झाला.

पुलाच्या कडेने खाली पाहा. निळ्या लाटा दिसणार नाहीत. गढूळ पाणी, चिखल आणि तिवरांची झाडे दिसतील. हे पाणी उल्हास नदीचे, कल्याण-अंबरनाथ-उल्हासनगरच्या वस्त्यांची आणि कारखान्यांची घाण घेऊन समुद्राला मिळणारे. मोठे शेवाळ धरते ते खडकाला आणि स्वच्छ पाण्यात, म्हणजे खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे. वरसाव्याच्या चिखलात ते धरत नाही. पण तिवरांच्या मुळाशी साचणारे हे पाणीही समुद्राचेच आणि मालवणच्या खडकावर फुटणारे पाणीही समुद्राचेच. 'समुद्राचे' एवढ्या एका शब्दाने काहीच सिद्ध होत नाही. शेवाळ पाण्यात असेल ते अंगात घेते, चांगले आणि वाईट दोन्ही. तपकिरी शेवाळे तर आर्सेनिक आणि कॅडमियमसारखे जड धातू ओढून धरतात. म्हणून तर जैव उत्तेजकांच्या नियमात जड धातूंच्या मर्यादा घालाव्या लागल्या. आम्ही म्हणतो, निळ्या लाटा पुसा आणि त्या जागी छापा: कोणते शेवाळ, कोणत्या किनाऱ्याचे, किती टक्के.

आणि वरसाव्याच्या पुलावर उभे असताना जाणारे ट्रकही पाहा. वापी आणि अंकलेश्वरच्या रसायनांच्या कारखान्यांचा मालही याच महामार्गाने मुंबई-ठाण्याकडे येतो. ट्रकमध्ये शेवाळाचा रस आहे की विष आहे, हे ताडपत्रीवरून कळत नाही. त्यासाठी कागद लागतो. मग आपल्या पंपात काय ओततो ते बाटलीवरच्या चित्रावरून कसे कळणार?

दोन्हीकडून शेतकरीच

आता ती ०.०१ पीपीएमची अट आठवा. सरकारला ही अट का घालावी लागली? टॉनिकात कीटकनाशक मिसळले जाऊ शकते, ही भीती होती म्हणूनच ना?

आता हिशेब मांडा. शेवाळाची बाटली मारली आणि अळी मेली नाही, तर शेतकरी फसला. पैसे गेले, दिवस गेले. आणि बाटली मारली नि दुसऱ्या दिवशी अळ्या पटापट खाली पडल्या, तर? तर आनंद मानू नका, भ्या! शेवाळाच्या रसाने अळ्या अशा पडत नाहीत. मग बाटलीत दुसरे काहीतरी आहे, आणि काय आहे ते बाटलीवर लिहिलेले नाही. 'नैसर्गिक आहे' म्हणून आपण तोंडाला फडके बांधले नाही, हातमोजे घातले नाहीत, वाऱ्याची दिशा पाहिली नाही, फवाऱ्याच्या हातानेच भाकर खाल्ली.

२०१७ चा हंगाम यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. फवारणीच्या विषबाधेने त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. दवाखान्यात डॉक्टरचा पहिला प्रश्न असतो, "काय फवारले?" एका गटाच्या विषावर अॅट्रोपिनचा उतारा आहे, दुसऱ्या कित्येकांवर उताराच नाही, फक्त लक्षणांप्रमाणे उपचार करावे लागतात. म्हणून विषाचे नाव कळणे हा जिवाचा प्रश्न आहे. ज्याची बायको टॉनिकाची बाटली घेऊन डॉक्टरपुढे उभी राहील, तिने काय सांगायचे? समुद्राचे शेवाळ?

बाटलीने मारले नाही तर शेतकऱ्याचे पीक जाते. बाटलीने मारले तर शेतकऱ्याचा जीव जाऊ शकतो. विकणाऱ्याचे काय जाते? काही नाही. त्याने अळीचा शब्द छापलाच नव्हता. तक्रार घेऊन जा, तो म्हणेल, "बाटलीवर दाखवा."

युरियाबरोबर शेवाळ

आणि ही बाटली आपण राजीखुशीने तरी घेतो काय? पेरणीच्या तोंडावर युरिया, डीएपी लागतो. पाऊस पडून गेलेला असतो, दोन दिवसांत खत पडले पाहिजे. दुकानदार म्हणतो, "खत आहे, पण याच्यासोबत हे घ्यावे लागेल." त्याला लिंकिंग म्हणतात. दुकानदाराला विचारा तर तो वरच्याकडे बोट दाखवतो, वरचा आणखी वर दाखवतो. शेवटी बाटली मात्र आपल्या पिशवीत येते. मग घेतलीच आहे तर मारून टाकू म्हणून आपण ती पंपात ओततो, आणि पुढच्या वर्षी कंपनीचा माणूस सांगतो, "तुमच्या तालुक्यात आमच्या मालाला फार मागणी आहे!"

हे आमचेच रडगाणे नाही. २०२५ च्या जुलैत केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीच सांगितले की देशात सुमारे ३०,००० जैव उत्तेजके कोणत्याही तपासणीविना विकली जात होती, गेल्या चार वर्षांतही सुमारे ८,००० विक्रीत होती, आणि कडक तपासणीनंतर ती सुमारे ६५० वर आली. खतांबरोबर अशी उत्पादने गळ्यात मारणे थांबवा, असे पत्रही त्यांनी मुख्यमंत्र्यांना लिहिले. तात्पुरत्या प्रमाणपत्रांवर विकायची मुदत वाढत वाढत शेवटी १६ जून २०२५ ला संपली.

मंत्र्यांचे आकडे खरे मानले तर प्रश्न उरतो. तीस हजारांतून साडेसहाशे राहिली, म्हणजे बाकीची एकोणतीस हजार साडेतीनशे आम्ही कशासाठी विकत घेतली? त्यांचे पैसे कोणी परत केले? माल बाजारातून गेला, नफा कोणाच्या खिशातून गेला नाही. कापसाचा भाव जरा वर जाऊ लागला की सरकारला एका दिवसात निर्णय घेता येतो. २०२५ च्या ऑगस्टात कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ करायला वेळ लागला नाही. आमच्या गळ्यात तीस हजार बाटल्या मारल्या जात होत्या, तेव्हा मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत होती. स्वस्त कापूस गिरण्यांना हवा होता म्हणून घाई, आणि महाग पाणी शेतकऱ्याला विकायचे होते म्हणून सवड.

आम्ही जुन्याला चिकटलेले नाही

१९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, आम्ही पेरली. १९७० मध्ये सुरतेहून संकरित कपाशी आली, आम्ही लावली. २००२ मध्ये बीटी आले, आम्ही घेतले. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी मनाई असलेले तणनाशक सोसणारे कपाशीचे बियाणे उघड्या रानात, सर्वांसमक्ष लावले. नवे तंत्र वापरायचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, ही आमची भूमिका आहे. म्हणून शेवाळावर बंदी घाला, अशी मागणी आम्ही करणार नाही. ज्याला टॉनिक म्हणून मारायचे असेल त्याने खुशाल मारावे. स्वतःच्या दोन तासांवर मारावे, दोन तास तसेच सोडावे, आणि वेचणीला दोन्हींचे वजन करून पाहावे.

पण स्वातंत्र्य म्हणजे अंधारात उडी नव्हे. काय घेतो आहोत ते माहीत असेल तरच निवड होते. खोट्या लेबलावर निवड होत नाही, फसवणूक होते.

मग करायचे काय?

अळीवर रामबाण कोणताच नाही, हे आधी मान्य करू. जे चालते ते कोणत्या अळीवर आणि केव्हा चालते, हे माहीत करून घेऊ.

शेंदरी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, किंवा शंभरांत दहा फुलांच्या डोमकळ्या झाल्या, किंवा दहा टक्के हिरव्या बोंडांत जिवंत अळी सापडली, तर उपाय करायची वेळ झाली. डोमकळ्या तोडून नष्ट करा. ट्रायकोकार्ड लावायची तर अळी निघण्याआधी लावा, कारण तो बारीक कीटक अंड्यातच अळीचा निकाल लावतो. आणि डिसेंबरअखेर कपाशी उपटा. फरदड ठेवणे म्हणजे पुढच्या वर्षीच्या अळीला घरात ठेवून घेणे. हिरव्या बोंडअळीवर तिचा विषाणू चालतो, पण तो संध्याकाळी फवारावा, उन्हात तो मरतो. आणि शेंदरीवर तो चालत नाही.

निंबोळी अर्क घरी होतो. पाच किलो निंबोळीची भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा वेगळा विरघळवून त्यात घाला आणि एकूण शंभर लिटर करा. हा पाच टक्के अर्क अंड्यांवर आणि बारीक अळ्यांवर चालतो, किडीची खायची वासना मारतो. बोंडात गेलेल्या अळीला तोही काही करत नाही, आणि असे सांगायला आम्हाला लाज वाटत नाही. ज्वारीच्या पोंग्यातल्या लष्करी अळीसाठी अळी लहान असतानाच, नोझल पोंग्यावर धरून फवारा. आणि नोंदणी असलेले रासायनिक औषध वापरायची वेळ आलीच तर एका वेळी एकच, लेबलावरच्या मात्रेत, तोंड-हात झाकून वापरा.

बैठकीपुढचा ठराव

या जिल्हा बैठकीत पुढील ठराव मांडावा, असे आम्ही सुचवतो.

एक. जे समुद्री शेवाळाचा अर्क अळीवर चालतो असे सांगतात, लेखी किंवा तोंडी, त्यांनी १९६८ च्या कायद्याखाली नोंदणी घ्यावी. नोंदणी नसताना तोंडी दावा करणाऱ्या प्रतिनिधीवर आणि विक्रेत्यावर गुणनियंत्रण निरीक्षकाने कारवाई करावी.

दोन. अकोला, परभणी आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठांनी व नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बाजारातल्या शेवाळ-अर्कांच्या बाटल्या दुकानातून विकत घेऊन कोरडवाहू कपाशी आणि ज्वारीवर, शेतकऱ्यांच्या रानात, शेतकऱ्यांसमोर तपासाव्यात. निकाल मराठीत, पुढच्या खरिपाच्या आत, गावोगाव लावावेत. चांगला निघाला तर आम्हीच त्याचा प्रचार करू.

तीन. त्याच बाटल्यांत कीटकनाशकाचा अंश आहे की नाही याची तपासणी व्हावी आणि निकाल नावानिशी जाहीर व्हावा.

चार. खताबरोबर कोणतीही बाटली सक्तीने दिली जाणार नाही, अशी पाटी प्रत्येक कृषी सेवा केंद्रावर लागावी.

पाच. ट्रायकोकार्ड, विषाणू आणि कामगंध सापळ्यांच्या गोळ्या हंगामाच्या आधी तालुक्याला मिळाव्यात. बोंडे किडल्यावर मिळून उपयोग नाही.

ठराव टाळ्यांनी मंजूर होतो आणि फाईलीत जातो, हा अनुभव जुना आहे. म्हणून एक काम प्रत्येकाने स्वतः करावे. पुढच्या तालुका बैठकीला येताना घरात असेल ती टॉनिकाची बाटली, रिकामी किंवा भरलेली, आणि तिची पक्की पावती घेऊन या. पावती दिली नसेल तर आधी दुकानात जाऊन मागा. बाटल्या टेबलावर मांडू, ज्यांच्यावर चौकोन नाही त्या वेगळ्या काढू, आणि कोणत्या बाटलीबद्दल कोणी काय सांगितले होते ते प्रत्येकाच्या तोंडून लिहून घेऊ. तो कागद, बाटल्या आणि पावत्या घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत सर्वांनी मिळून जायचे आहे.